खडकसरांचा पेपर

...आणि वर मलाच ऐकवतात, "आमच्या विषयात असं नसतं!" अहो, नसतं म्हणजे काय? वाक्याला शेवट तरी असतो ना, की दगडांच्या शास्त्रात तोही नसतो? तुम्हीच सांगा, विद्यापीठात माझं काम काय, तर प्राध्यापकांना शिकवायचं, की बाबांनो, आपापल्या विषयात पोरांना लिहायला कसं शिकवावं. प्राध्यापकांना शिकवायचं! त्यापेक्षा बेडूक तागडीत तोलणं सोपं! गणिताच्या मॅडम म्हणतात, "आमची समीकरणंच बोलतात हो." कायद्याचे सर म्हणतात, "आमच्या विषयात वाक्य पानभर लागतंच." आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे खडकसर!

खडकसर म्हणजे भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख, नाव पोरांनीच ठेवलेलं. पोरांच्या लिखाणावर लाल शाईत एकच शब्द लिहिणार, 'भिकार'. मी म्हटलं, सर, पोरांनी नेमकं सुधारायचं काय? तर म्हणे, "ज्याला कळायचं त्याला कळतं. आमच्या विषयात असं समजावत बसत नसतात!"

त्यांच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. करत होती म्हणजे काय, प्रबंध केव्हाच लिहून झाला, सरांची एक सही अडलेली! लग्न लांबलं, केस पिकायला लागले, सही काही होईना. माझ्या कार्यशाळेला मनापासून येणारी तेवढी एकच.

आणि मला अवदसा आठवली! फार शहाणा ना मी! सरांच्याच छापील पेपरातलं एक पान घेतलं, नाव झाकलं, आणि दिलं कार्यशाळेत सगळ्यांना तपासायला. सरांनी लाल पेन उघडलं मात्र... "कोण हा गाढव? दगडाला पाझर फुटेल, पण या वाक्यातून अर्थ फुटायचा नाही! याला पहिल्या वर्षाला पास कोणी केलं?" सगळे माना डोलावतायत, मी आतून उकळ्या फुटून बेजार! उठलो, घसा खाकरला, म्हटलं, "सर... हा पेपर आपलाच आहे."

वाटलं, आता चेहरा पडणार. पडतोय कसला! "माझा? नाव माझं आहे. लिहिलाय हिने!" आणि बोट त्या मुलीकडे.

ती उठून हळूच म्हणाली, "सर, तुमचे सगळेच पेपर मी लिहिलेत."

"मग सगळेच भिकार! आणि असं लिहिणारीला मी सही देऊ?"

हसले हो सगळे. मीसुद्धा हसलो... लाज वाटते सांगायला, पण हसलो. तिने पिशवी उचलली आणि गेली, ती कायमचीच. आणि सर कुलगुरूंना सांगतात, "कार्यशाळा फार उपयोगी! आता मला चूक चटकन दिसते!"

बरं, एवढ्यावर थांबावं? गेल्या महिन्यात माझ्या खोलीत आले, टेबलावर कागदांचा ढीग आपटला. "ती तर गेली. पेपर पाठवायचाय, लिहून टाका." म्हटलं, सर, मी लिहायला शिकवतो, लिहून देत नाही. तर म्हणाले, "शिकायला वेळ कुणाला आहे? तुमची नेमणूक पुढे चालू ठेवायची शिफारस मलाच करायचीय ना?"

"अहो पण सर, हे बरं दिसतं का?"

"आमच्या विषयात असंच असतं!"

लिहिला! करतो काय? दगडातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी छापून आला! नाव अर्थातच त्यांचं. अगदी शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार आहेत... टायपिंगबद्दल! घरी येऊन बायकोपुढे पेपर आदळला. तिने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "नशीब समजा. त्या पोरीचे तर तेवढेही मानले नव्हते."