लंडनहून आलेली पत्रं

...हलू नकोस गं लेकी, टाचणी टोचेल. हात वर. हां — तर काय म्हणत होते, हे थोहोयांडू तेव्हा राजधानी होतं! हसतेस काय? व्हेंडा नावाचा देश होता आमचा, दक्षिण आफ्रिकेनं कापून दिलेला — झेंडा होता, राष्ट्रगीत होतं, आणि पासपोर्टच्या खिडकीत मी होते. आता देश गेला, पण रांगा आहेत तशाच — पेन्शन, इस्पितळ, जन्माचा दाखला, खेड्यातल्या माणसाला अजून इथंच यावं लागतं. फक्त खिडकीत मी नाही, म्हणून कामं होत नाहीत.

तर न्द्वामातो. मास्तर होता, आमचं जमलेलं. त्याला लंडनच्या कॉलेजानं बोलावलं. पासपोर्ट मीच लिहिला, सोनेरी शिक्का मारला. गावानं बकरा कापला, त्याची आई — व्हो-मुन्याड्झिवा — इतकी रडली की पाहुणे विचारायला लागले, कोण गेलं? आणि हा तिसऱ्या दिवशी परत! जोहान्सबर्गच्या विमानतळावर लंडनच्या विमानाच्या साहेबानं पासपोर्ट उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "हा देश आहे कुठं?" दक्षिण आफ्रिकेशिवाय आमचा देश जगात कुणी मानतच नव्हतं! — आता बकरा खाऊन झालेला, गावात तोंड कसं दाखवायचं? लपला इथं शहरात, माझ्या खोलीत. पाच महिने! दिवसभर बसून लंडनहून पत्रं लिहायचा, आणि म्हातारी महिन्याला औषधाला आली की मी वाचून दाखवायची. "इथं धुकं फार आहे, आई." ती विचारायची, "मग कपडे वाळतात कसे?" वळ जरा. दुसरी बाजू.

एक दिवस म्हातारी न कळवता आली. डोक्यावर वाळवलेल्या अळ्यांचं गाठोडं, पोराच्या आवडीचा खाऊ. म्हणते, "तुमच्या कचेरीत विमान असेलच, देऊन टाक त्याला." तिला घेऊन मी अंगणात शिरते तर काय — आमचे लंडनचे साहेब दोरीवर माझा परकर वाळत घालतायत! म्हातारीनं परकराकडं बघितलं, पोराकडं बघितलं. मग म्हणाली, "लंडनला ऊन चांगलं पडलंय." आणि छत्री घेऊन जी त्याच्या मागं लागली — बाजारातून, संसदेवरून, थेट टॅक्सीच्या रांगेपर्यंत. पहारेकऱ्यांनी सलाम ठोकला तिला! संध्याकाळी दमून तिघं एका ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट वुस्वा जेवलो, आणि तिनंच लग्नाची तारीख ठरवली.

त्याचं लंडन हुकलं, त्यात दोष कुणाचा म्हणतेस? त्या साहेबाचा, दुसरा कुणाचा? तसं... परदेशी जाणाऱ्याला आम्ही एक चिठ्ठी द्यायचो. ती घेऊन प्रिटोरियाला जायचं, तिकडचा पासपोर्ट घ्यायचा, तो सगळीकडं चालायचा. चिठ्ठ्या माझ्याच खणात असायच्या. हो, माहीत होतं की मला. चार वर्षांसाठी चालला होता तो, लेकी — चार वर्षांनी कोण परत येतं? मला वाटलं, अडला तर अडला, नाही अडला तर माझं नशीब. त्याला द्यायला विसरले, असं म्हणता येईल. पण विसरले नव्हते. चाळीस वर्षं झाली, अजून पावसाळी दिवशी खिडकीशी बसून तो इंग्रजी पुस्तक वाचतो, मोठ्यानं, कुणी ऐकत नसताना... आणि मी मशीन जोरात चालवते.

हे मी तुला का सांगितलं? उतरव तो झगा. शुक्रवारी ये, आणि बाहेर बाकावर माझा म्हातारा भेटेल, त्याला नुसतं वाकून 'आ' म्हणत नमस्कार कर आणि पुढं हो. बोलत थांबू नकोस. नीघ.