मापं बाहेर निघत नाहीत

हसू नका रे, तरच सांगतो. विठ्ठलवाडीतल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांची मापं वहीत असायची. एका ॲपवाल्याचं ऐकून मी ती मोबाईलवर चढवली आणि वह्या रद्दीत घातल्या. बायको नको नको म्हणत होती, तर तिचीच टिंगल केली. आता ते ॲप रोज बंद पडतं, म्हणून दुसरं घ्यायचं ठरवलं. ॲपवाल्याला फोन लावला, "माझी मापं दे बाबा."

"काका, तुमच्या प्लॅनमध्ये एक्स्पोर्ट नाही."

"अरे, दुबईला कुठं पाठवायचीत? मलाच पाहिजेत!"

"बाहेर काढताच येत नाहीत, काका. ॲप सोडलं की मापं गेली."

आयुष्यभर अख्ख्या गल्लीला टोप्या घातल्या मी. ही टोपी मात्र मलाच बसली, आणि तिचं माप मीच देऊन आलो होतो.