मामाच्या अंगणातली रेघ

माझा जन्म मावळातला, पण बापाचं गाव मला काय आठवत न्हाई. बाप गेला तेव्हा मी रांगत होते, आई मला कडेवर घेऊन तिच्या भावाकडं आली, चाकणकडच्या एका गावात, नाव नका लिहू, माणसं हायेत अजून तिथं. तर मामानं वाढवलं मला. मामाला पोरगी न्हवती. शाळेत मामाच्या सायकलवर, डिप्लोमा मामाच्या जिवावर, आणि आई गेल्यावर लग्नात कन्यादान मामानंच केलं, रडला किती. माझा नवरा अजून चिडवतो, तुझा मामा रडत होता का भांडत होता तेच कळंना. आवाजच तसा हो त्याचा, प्रेमानं हाक मारली तरी वाटावं शिव्या देतोय. मी ऑफिसात चांगली शुद्ध बोलते बरं का, पण मामाचा विषय निघाला की आजोळची बोली येती तोंडात, तुम्ही हाय तसंच लिहा.

नोकरी भूमी अभिलेखात लागली. भूकरमापक, म्हंजे मोजणीवाली. बाई मोजणीला आली की बांधावरची माणसं आधी हसतात, मॅडम जपून, चिखल हाय, मग मी चपला हातात घेते आणि सरळ आत शिरते, मग गप होतात. शेताला सातबारा असतो तुम्हाला माहीत हाय, पण गावठाणातल्या घराचं काय? पिढ्यान्‌पिढ्या राहत्यात, पण जागा कुणाची याचा सरकारी कागद बऱ्याच गावांत न्हवताच. म्हणून ते ड्रोनचं काम निघालं. आदल्या दिवशी आमी जायचं, ज्याच्या त्याच्या घराभोवती पांढरी फक्की मारायची, खेळाच्या मैदानावर मारतात ती. दुसऱ्या दिवशी ड्रोन वरनं फोटो काढणार, रेघ दिसंल तशी हद्द, मग चौकशी करून त्या माणसाच्या नावाची मिळकत पत्रिका, म्हंजे प्रॉपर्टी कार्ड. आणि यादीत काय, माझं आजोळ. साहेबांना म्हटलं, साहेब, तिथं दुसऱ्या कुणाला तरी धाडा. साहेब म्हणले, अहो बरंच झालं की, चहापाण्याची सोय झाली तुमची. हसण्यावारी नेलं त्यांनी.

आता मामाचं घर आणि रस्ता यांच्या मधे एक घर होतं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं, परटीणआजीचं. तिचा नवरा गावाची धुणी धुवायचा, मामाच्या आज्यानं त्यांना ती जागा दिली, तोंडी, तवा कागद कोण करतंय. आजीला पोरबाळ न्हाई. थंडीत तिच्या कोळशाच्या इस्त्रीची ऊब घ्यायला मी लहानपणी तिच्याच दारात बसलेली असायचे, मामी हाका मारून दमायची. आणि मामाला मागं खोल्या बांधायच्या होत्या, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला. आमच्याकडं सगळ्यांनीच बांधल्या, शेती राहिली कुठं आता. पण विटांचा ट्रक आत न्यायचा कुठनं? मधे आजी.

मी फक्कीचं घमेलं घेऊन उभी राहिले, मामा ओट्यावर बसलेला, म्हणला, पोरी, आपली आन्‌ तिची मिळून एकच रेघ मार. मी म्हटलं, मामा, तसं कसं. तो म्हणला, अगं मी तिला काढतोय का, माझ्या आज्यानं दिलीया, राहू दे की मरेस्तोवर, नुसती रेघ तेवढी एक मार. खरं सांगते तुम्हाला, मामा खोटं बोलत न्हवता, त्यानं तिला काढलं नसतंच. पण मरेस्तोवर म्हंजे मेहेरबानीवरच ना हो? आजी तिच्या दारात उभी, नुसती माझ्या हाताकडं बघती. काय सांगू तुम्हाला, पहिली वीतभर रेघ वाकडीच आली. पण दोन मारल्या. मामाच्या घराभोवती एक, आजीच्या घराभोवती एक.

वाटलं आता मामा ओरडंल, मी तयारच होते, मी पण काय कमी न्हाई, त्याचीच भाची. पण आवाज चढलाच न्हाई त्याचा. घरात तोंड करून मामीला म्हणला, पाव्हण्यांना चहा ठेव. पाव्हणे! मला! ज्या घरात मी तव्यावरची भाकरी पळवून खाल्ली त्या घरात मी पाव्हणी. तो चहा कसा गिळला माझं मला माहीत.

सकाळी ड्रोन घोंघावत वर गेला. कोंबड्यांनी रेघ उकरू नये म्हणून आजीनं त्या डालून ठेवल्या होत्या, आणि डोक्यावर पदर घेऊन ड्रोनला हात जोडले तिनं. मला हसू पण आलं आणि रडू पण. चौकशीत मामानं हरकत घेतली न्हाई, भाचीच्या कामाला मी नाट लावणार न्हाई म्हणला. कार्ड आजीच्या नावावर झालं. मी सांगवीला माझ्या घरी आले, पेढे आणले, वाटलं जिंकलं आपण.

मग काय झालं, आजीचं पाणी मामाच्या बोअरवर. बंद केलं असं मला म्हणवत न्हाई, पण मोटर तिच्या वेळेला लागंना. मामी तिच्याशी बोलायची थांबली. लग्नाचं बोलावणं सगळ्या आळीला, आजीचं दार तेवढं ओलांडून पुढं. कुणी वाईट बोललं न्हाई तिला, कुणी काहीच बोललं न्हाई.

आणि एक दिवस माझ्याच टेबलावर बक्षीसपत्राची नोंद आली. परटीणआजीनं जागा मामाला बक्षीस दिली. गाडी काढली आणि तडक गेले, चाकणच्या ट्रॅफिकमधे सगळ्यांना शिव्या घातल्या, मामाला, आजीला, मला स्वतःला. म्हटलं, आजी, दमदाटी केली का कुणी, सांग, मी नोंद अडवते. आजी म्हणली, कुणी बोट लावलं न्हाई बाई, मर्जीनंच दिलं. मग म्हणली, तू रेघ मारून सांगवीला गेलीस, रेघंच्या आत मीच राहिले ना एकटी? आजारी पडले तर तुझी रेघ मला पाणी पाजणार हाय का?

कायद्यानं सगळं बरोबर होतं. नोंद मीच घातली, ह्या हातानं.

आजीचं पत्र्याचं घर पाडलं, आता तिथनं ट्रक जातो. खोल्या झाल्या, रस्त्याकडची पहिली खोली मामानं आजीला दिली, शब्द पाळला त्यानं, तिचं ताट मामीकडनं जातं. दिवाळीला आजी मामाच्या ओट्यावर फराळ करती आणि मी सांगवीत फ्लॅटच्या गॅलरीत. दर दिवाळीला मामा मला साडी आणायचा, असला भडक रंग, मी कधी नेसायची न्हाई. आता त्याच नेसते, ऑफिसात पोरी हसत्यात, हसू द्या.

चुकलं का माझं? नवरा म्हणतो न्हाई. उद्या तशी वेळ आली तरी मी दोनच मारीन, मला दुसरं येत न्हाई. पण लई तुटतं हो आतनं.

परवा आजीचा फोन आला, खोलीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरनं. म्हणली, मामा गुडघ्यानं बेजार हाय तुझा, काठी घेतलीया. तेवढ्यात मागनं तोच आवाज, कुणाशी बोलतीयास गं? आजी म्हणली, पोरीशी. मी फोन कानाला घट्ट धरून, मनात म्हणतीया, दे रे मामा, चांगल्या चार शिव्या तरी दे. मामा म्हणला, पाव्हण्यांना रामराम सांग.

देव त्याचे गुडघे बरे करो. आणखी काय म्हणू मी.