सहा शनिवार आणि एक कुंपण

मंडळी, नमस्कार. उमावहिनी, रेवा, आणि एवढ्या थंडीत, कामाचा दिवस असून आलेले तुम्ही सगळे.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणालो. गणपतीत माइक हातात घेणं वेगळं असतं. तिथे विनोद फसला तर लोक जेवायला उठतात, बस. इथे समोर दिलीपरावांचा फोटो आहे. तो मीच काढलाय. त्यात ते माझ्यावर डाफरतायत, कारण मी फोटोसाठी गाडी हायवेच्या कडेला थांबवली होती. त्या चेहऱ्याकडे बघत बोलायचंय, त्यामुळे मध्येच अडलो तर सांभाळून घ्या.

मी सतीश. दिलीप खऱ्यांच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये अकरा वर्षं बसलो. ते पुण्याचे, मी नागपूरचा, त्यामुळे अमेरिकेत येऊनही भांडायला विषय कधी शोधावा लागला नाही. ते गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचे. आणि ड्राइव्ह असे करायचे की अ‍ॅक्सिलरेटर ही चीज गाडीत कशाला दिलीय, हा प्रश्न त्यांना कायम पडलेला असावा. गेल्या सोमवारी ते लॅबमध्ये उभ्या उभ्या कोसळले. आम्ही हॉस्पिटलला पोचलो तोवर सगळं संपलं होतं. रेवा मिळेल त्या फ्लाइटने कॅलिफोर्नियाहून आली, पण भेट झाली नाही.

या माणसाबद्दल मला एकच गोष्ट सांगायचीय. उमावहिनी, तुम्हाला ती थोडी माहीत आहे. पूर्ण नाही.

दोन हजार पाचचा उन्हाळा. वहिनी आईच्या आजारपणासाठी पुण्याला होत्या. माझी बायको मुलांना घेऊन नागपूरला. रेवा तेव्हा एकोणीस वर्षांची. दिलीपरावांनी तिच्यासाठी एक चांगली इंटर्नशिप बघून ठेवली होती, आणि या पोरीने ती नाकारली. का? तर तिला ड्रम कोअरमध्ये जायचं होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही माहीत नव्हतं, मला वाटलं शाळेचा बँड. शाळेचा बँड! काय सांगू यार. ही शंभराहून जास्त तरुण पोरं. पितळी वाद्यं, ड्रम, झेंडे. अख्खा उन्हाळा बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात प्रॅक्टिस करायची आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर अकरा मिनिटांचा कार्यक्रम. जज असतात, मार्क असतात. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव आणि तोच कार्यक्रम. आणि हे कशासाठी? हौस म्हणून.

जेवताना भांडण झालं. दिलीपराव म्हणाले, "जा. पण मी एकाही शोला येणार नाही." रेवा म्हणाली, "फाइन. डोंट कम." झालं. बाप-लेक दोघंही खरे. बोलणं बंद.

जुलैत एका शुक्रवारी ते माझ्या क्युबिकलवरून डोकावले. "सतीश, उद्या काय करतोयस?"

"खिचडी."

"ओहायोला येतोस? ब्रेकचं जरा काम आहे. गाडी तू चालव."

गेलो. छापून आणलेला नकाशा त्यांच्या मांडीवर. पोचलो तर समोर एका शाळेचं स्टेडियम. म्हटलं, "दिलीपराव, ब्रेक कुठे आहे?" म्हणाले, "गप्प बस आणि वर चल." डोक्यावर टोपी, संध्याकाळच्या वेळी काळा गॉगल, आणि आम्ही सगळ्यात वरच्या रांगेत.

मंडळी, त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती पोरं मैदानावर आली. बूट वाजला नाही, कुणी खोकलं नाही. पांढरे पट्टे, हिरवं गवत आणि शंभर सरळ पाठी. मग पहिला सूर आला. तो मला कानात ऐकू आला नाही हो, इथे छातीच्या हाडात लागला. माझ्या हातातला सोडा सांडला आणि मला पँट ओली झाल्यावर कळलं. एक सरळ ओळ धावता धावता गोल झाली, गोलाचा चौकोन झाला, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो, माहीत नाही.

"दिलीपराव, रेवा कुठेय?"

मागच्या रांगेत सगळ्यात मोठी पितळी वाद्यं होती, आणि ती खांद्यावर घेतलेल्यांत सगळ्यात बुटकी ती. आपली रेवा. बघताय ना, केवढीशी आहे. रिकामा गॅस सिलिंडर खांद्यावर घ्या, चवड्यांवर उलटं पळा, वर तो वाजवा. तिने ते केलं. दिलीपराव एवढंच म्हणाले, "हिला घरी ग्रोसरीची पिशवी उचलवत नाही." आणि गॉगल पुसायला लागले.

शो संपला की पथक एका रांगेत कुंपणाला लागून बाहेर पडतं. एकच ड्रम टक टक वाजत असतो. दिलीपराव पायऱ्या उतरून कुंपणापाशी गेले. टोपी काढली, गॉगल काढला. ती हाताच्या अंतरावरून गेली. ते म्हणाले, "रेवा."

तिने पापणीसुद्धा हलवली नाही. सरळ पुढे बघत निघून गेली.

गाडीत बसल्यावर त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "ओळखसुद्धा दाखवली नाही. बरोबर आहे तिचं. मीच म्हणालो होतो, येणार नाही." मी म्हटलं बसपाशी जाऊन भेटू, फोन करा. तर म्हणे, "ज्यांनी बोलावलं नाही त्यांच्या दारात मी जात नाही." अस्सल पुणेकर! मला वाटलं, संपला विषय.

पुढच्या शुक्रवारी परत डोकावले. "सतीश, इंडियाना."

पाच शनिवार, मंडळी. पाच. दर वेळी वरची रांग. दर वेळी शो संपला की कुंपण. दर वेळी "रेवा." आणि दर वेळी ती समोर बघत निघून जायची. मला राग यायचा. काय पोरगी आहे, म्हणायचो मी, बाप सहा सहा तास लांबून येतो आणि ही! रेवा, बेटा, मला माफ कर.

पेनसिल्व्हेनियात आम्ही दुपारीच पोचलो आणि लांबून त्यांची प्रॅक्टिस बघितली. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, डांबर वितळेल अशा उन्हात. आठ पावलं. परत. आठ पावलं. परत. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि कंटाळून सावलीत गेलो. दिलीपराव उन्हातच उभे. म्हणाले, "टॉलरन्स बघ सतीश, टॉलरन्स. पावलापावलात केसाचाही फरक नाही. आपल्या एका पार्टला असा मिळाला तर मी पेढे वाटीन." इंटर्नशिपचं नाव त्या दिवसानंतर त्यांनी काढलं नाही.

सहावा शनिवार फायनलचा. बारा तास ड्राइव्ह. केवढं ते स्टेडियम! मार्क जाहीर करायला सगळी पथकं मैदानावर उभी केली. हजाराच्या वर पोरं, पुतळ्यासारखी. आमच्या शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई होती, तिचा नातू दुसऱ्या पथकात ड्रम वाजवायचा. आणि घुमा माणूस तो, पण त्या अनोळखी बाईला दिलीपरावांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी बघत नाही. पाच वेळा बघितलं नाही.

ती बाई हसायला लागली. म्हणाली, अहो, बघणारच नाही! त्यांना परवानगीच नसते. एकदा रांगेत उभं राहिलं की "अ‍ॅट ईज", म्हणजे आपलं विश्राम, म्हणेपर्यंत डोळाही हलवायचा नाही. माझ्या नातवाच्या नाकावर माशी बसली होती, ती उडाली तेव्हा उडाली.

दिलीपराव खाली बसले. एवढ्या गर्दीत तोंड हातात धरून रडले. माणूस रडताना मी बघितलाय, पण असा नाही. ते दुःख नव्हतं हो. "पाच वेळा," म्हणत होते, "बाप हाक मारतोय आणि पाच वेळा हलली नाही. अरे, मला जमलं असतं का? तुला जमलं असतं?"

नसतं जमलं. आजही नाही जमणार.

मग कुंपण. पथक बाहेर आलं, थांबलं. त्यांच्या प्रमुखाने "अ‍ॅट ईज" म्हटलं, आणि शंभर पोरं एकदम पोरं झाली. रेवाने ते अगडबंब वाद्य खाली ठेवलं, वळली आणि सरळ आमच्याकडेच आली. शोधावं लागलं नाही तिला. म्हणाली, "बाबा, धिस इज नंबर सिक्स. आय काउंटेड."

डोळा न हलवता तिने बाप मोजला होता. प्रत्येक वेळी.

परत येताना, एरी सरोवराच्या आसपास, दिलीपराव जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणाले, "सतीश, सरळ उभं राहायला मीच शिकवलं तिला. लहानपणापासून. ताठ बस, रडू नकोस, पूर्ण कर. पण अ‍ॅट ईज म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं रे." पुढे तीन वर्षं, अगदी शेवटपर्यंत, ते प्रयत्न करत होते. किती जमलं, ते त्यांनाच माहीत.

हे आज का सांगतोय? गेले चार दिवस मी या पोरीला बघतोय. फ्युनरल होमचे फोन तिने केले. पुण्याला तिने कळवलं. वहिनींना दोन घास तिने भरवले. तुम्ही सगळे म्हणताय, किती धीराची मुलगी, डोळ्यात पाणी नाही. अहो, धीर नाही तो! मी तो चेहरा ओळखतो. पाच शनिवार बघितलाय. ती रांगेत उभी आहे. आल्यापासून तिने या फोटोकडे एकदाही बघितलेलं नाही, कारण तिला सुट्टी कुणी दिलेली नाही. ज्याने द्यायची, तो गेला.

म्हणून मंडळी, आता एक मिनिट आपण उभे राहू. त्या पोरांसारखे. नजर समोर, आवाज नाही, नाकावर माशी बसली तरी हात वर जाणार नाही. दिलीपरावांना आवडेल. टॉलरन्स सांभाळा.

रेवा, तू नको उभी राहूस. बस बेटा, आईजवळ बस. तुझ्या बाबांच्या वतीने मी बोलतोय, त्यांचं राहिलं होतं म्हणून. बघ त्यांच्याकडे. आता आम्ही उभे आहोत.

अ‍ॅट ईज, रेवा.