आयताराची सुट्टी

धारगळला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते. देवेश तुयेच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग करणारा. त्याच्या बहिणीचा नवरा रघुनाथ तोच माल स्टेशनावर मालगाडीत चढवणारा हमाल.

"भावोजी, करारावर सह्या झाल्या! आता दर आयतारी कारखाना बंद, पगारी सुट्टी."

"होणारच रे. रवळनाथाला गाऱ्हाणं मीच घातलं होतं."

"उपकार झाले तुमचे."

"देव बहिरा नाही, एवढं कळलं. काल मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका."

"का म्हणून?"

"आयतारी तुमचा माल नाही, म्हणून वॅगन पुऱ्या भरणार नाहीत. अर्ध्या वॅगन रेल्वे नेत नाही. तुमच्या कंपनीने सगळा माल ट्रकांवर घालायचं ठरवलं."

"पण करारात हमालांचं नावसुद्धा नाही!"

"तेच तर म्हणतोय मी."

"मग पुन्हा गाऱ्हाणं घाला."

"काय मागू? मेव्हण्याची सुट्टी काढून घे म्हणून?"

"नको हो! दोन वर्षं भांडलोय त्यासाठी."

"मग करू काय, सांग."

"या आयतारी सगळे तेरेखोलला फिरायला जाऊया. तुम्हीपण आता मोकळेच."