ही आमची भगिनी

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे माझे पाळकबंधू, पंचमंडळी, आणि प्रिय बंधूंनो व... भगिनींनो. हा शब्द आज उच्चारायला जड जातोय. का, ते सांगतो.

आमच्या खजिनदारांनी आत्ता माझा सत्कार करताना मला ‘प्रार्थनेचा माणूस’ म्हटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी मान खाली घातली, तो तुम्हाला विनय वाटला असेल. विनय कसला! लाज वाटत होती हो.

माझी बायको दवाखान्यात आहे, उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, हे तुम्ही जाणताच. काल ती म्हणाली, “अहो, जरा प्रार्थना करता का? भीती वाटतेय.” मी उभा राहिलो. कोट सारखा केला, घसा खाकरला, हात वर केला आणि सुरू झालो, “हे दयाळू पित्या, ही आमची भगिनी आजाराच्या खाटेवर...”

तिनं एक डोळा उघडला. “कोण भगिनी?”

शेजारच्या खाटेवरच्या आजी फिसकन हसल्या. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “तुम्ही प्रभूशी बोलताय की मंडळीशी? माझं नावसुद्धा घेतलं नाहीत. बसा इथे. माझा हात धरा आणि त्याच्याशी बोला.”

बसलो. हात धरला. “प्रभू येशू,” म्हणालो, आणि पुढे काही येईचना. जन्मभर ज्याच्याविषयी तुम्हाला सांगत आलो, त्याच्याशी स्वतःचं बोलायची वेळ आली तर मी परक्यासारखा दाराशी घुटमळतोय! शेवटी तीच माझा हात थोपटत म्हणाली, “असू दे. जा, उद्या समारंभ आहे तुमचा.” सांगा, कुणी कुणाला धीर द्यायचा होता?

कार्यक्रमात शेवटची प्रार्थना माझ्याकडे दिली आहे. ती कृपा करून अध्यक्षांनी करावी. मी इथून थेट दवाखान्यात जातो. तिच्याजवळ बसून, तिचं नाव घेऊन त्याला म्हणेन, “प्रभू, ही गेली तर माझं कसं होईल? मी घाबरलोय. तू जवळ ये.” तेवढंही जमलं नाही तर गप्प बसेन, पण उठून येणार नाही.

फुलांबद्दल, इतक्या वर्षांच्या मायेबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. जेवायला थांबत नाही, राग मानू नका. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तिच्यासाठी तुम्ही प्रार्थना करालच. एखादी माझ्यासाठीही करा.