तिका बारीक कर

(विजयदुर्ग. तुबाच्या घरची माडी, दार आतून बंद. भाऊ बाबू जेटीवर असताना मासळीची पाटी तिथेच टाकून किशोरी धावत आली आहे.)

किशोरी : ...आणि बाबून तुज्या कार्टूनची झलक लावन सगळ्यांसमोर मोबाइल वर धरल्यान. म्हणता, ही आमची किशोरी काय रे? खलाशी हसाक लागले. मी पळालंय गो, तुबा.

तुबा : अगं, नाव वेगळं आहे, चेहरा वेगळा, केस कापलेले. कार्टूनमधली बाई ती. ती तू आहेस असं कोण कशाला म्हणेल?

किशोरी : भियालंस की पुण्याची भाषा बोलतंस तू. तोंड कोण बघता? पुळणीर लांबसून येणारो माणूस आमी चालीर वळाखतंव. तां इसरलंस? पाटी कमरेक लावन, डावीकडे कलान चलता ती मीच. पोट माजां, दंड माजे.

तुबा : चुकलंच माझं. चाल बसवताना खऱ्या माणसाचा व्हिडिओ समोर ठेवायचा असतो. माझ्याकडे तुझेच होते. चेहरा बदलला की झालं, असं वाटलं मला.

किशोरी : आणि दुसरी? जी तिच्यार जीव लावता, ती? ती तुज्यासारी नाय दिसत.

तुबा : नाही.

किशोरी : म्हणजे तू लपलंस आणि माका बाजारात उभी केलंस.

तुबा : घाबरले होते. अब्बांनी ओळखलं असतं.

किशोरी : आणि माका भय नाय? आज बाबून फोन काडून घेतल्यान. फाल्या सकाळीच बांद्याच्या त्या सोयरिकीक होय म्हणान सांगतलो. माका कोण इचारता?

तुबा : ऐक. स्टुडिओकडून सकाळीच सांगणं आलंय. प्रेमकथा आहे, नायिका बारीक करा. जाडी हवीच असेल तर विनोदाला एखादी मैत्रीण ठेवा. दोन मुली प्रेमात पडलेल्या चालतात त्यांना, फक्त दोघी शिडशिडीत हव्यात. सकाळपासून भांडतेय मी. आता हो म्हणून टाकते. मग ती कोणी भलतीच होईल.

किशोरी : कर. तिका बारीक कर. आत्ताच.

तुबा : काय पुसतेय ते बघशील तरी?

किशोरी : दाखव... ही दुसरी हिका मिठी मारता तेव्हा काय? तिचे हात पाठीर पुरनत नाय गो.

तुबा : माझेही कुठे पुरतात?

किशोरी : तरी खुशीत आसा ती. जाड्या बायकांक बघून लोक हसतत, तां वेगळां. जाडीक बघून अशी मायेन हसणारी मी टीव्हीत कधी बघूक नाय... पूस. माका भय वाटता. पूस तू.

तुबा : थांब. दार वाजतंय.

किशोरी : बाबू! उघडू नको, तुबा, उघडू नको.

सुगंधा : मी गो. किशोरीची आवस. उघड.

तुबा : या काकी. एकट्याच ना?

सुगंधा : एकटीच. कडी लाव परत. बाबूक सांगून इलंय, ती मी म्हणान.

किशोरी : आये?

सुगंधा : सांगलंय, लग्ना आदी मी अशीच दिसय. तुबान माजो जुनो फोटो मागून नेल्यान आणि माकाच काढल्यान.

तुबा : पटलं त्याला?

सुगंधा : नाय. पण आवशीक खोटी कसो म्हणतलो? जावन आमच्या अंगणात बसलो.

किशोरी : म्हणजे तुका सगळां म्हायत होतां?

सुगंधा : आवस मगे मी कसली? तां रवांदे. तुबा, भियान तिका पुसलंस काय?

तुबा : पुसून बारीक करणारच होते. आताच.

सुगंधा : हात लावू नको. बारीक केलंस तर बाबू म्हणतलो, लपवल्यानी. मगे मी खोटी पडान, आणि ह्यां माजां चेडू पण बांद्याक जायत. जाडी ती जाडीच रवांदे.

तुबा : रवांदे. मग दुसरीला मी माझ्यासारखी करते, काकी.

सुगंधा : एवढी मर्दुमकी आज नको. बाबू अजून अंगणात बसलो आसा.

किशोरी : आये, त्येच्या तोंडार सांगताना तुका भय नाय वाटला?

सुगंधा : वाटला तर. नायतर कडी परत लावूक कशाक सांगलंय?